रूपांतराने आवाज सुधारतो काय?

कांदिवलीतील एका मराठी शाळेने विज्ञानदिनाच्या निमित्ताने आम्हाला 'ध्वनी' या विषयावर बोलायला बोलावले होते. व्याख्यान संपल्यावर मराठीच्या एका बाईंनी एक पेनड्राइव्ह आमच्या हाती दिला. २००८ साली त्यांच्या नववीच्या विद्यार्थ्यांनी चारकोप आणि पोयसर येथील गावठाणांत घरोघर फिरून जुन्या रहिवाशांकडून हळदीची व लग्नाची गाणी, म्हणी आणि आठवणी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. अशा सव्वीस फाईली त्यात होत्या. बाईंना त्यांतून 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार नव्या मुलांना ऐकवायचे होते. पण ते नीट ऐकूच येत नव्हते. "सर, फाईली तर सगळ्यांत वरच्या दर्जाच्या आहेत. ३२० लिहिलंय. मग आवाज पाण्याखालून आल्यासारखा का येतो?" हा त्यांचा प्रश्न.

आम्ही त्या फाईलींचा इतिहास विचारला. मूळ मुद्रण रेकॉर्डरवर साध्या 'वेव्ह' स्वरूपात झाले होते. शाळेच्या संगणकावर जागा कमी, म्हणून ते एमपी-३ मध्ये रूपांतरित केले गेले. त्या वेळी रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने 'बोलण्यासाठी' असा पर्याय सुचवला व तो स्वीकारला गेला. पुढे मोबाईलवर वाजावे म्हणून एमपी-३ चे एएसी झाले. नंतर एका प्रशिक्षणात 'जास्तीत जास्त दर्जा निवडा' असे ऐकल्यावर एएसीचे पुन्हा ३२० किलोबिटचे एमपी-३ झाले. जुना संगणक मोडीत काढताना मूळ फाईली त्याच्याबरोबरच गेल्या. ज्या आजीबाईंनी गाणी सांगितली त्यांच्यापैकी बहुतेक आता हयात नाहीत.

बाईंची यात काही चूक आहे असे आम्हाला वाटत नाही. त्यांनी प्रत्येक वेळी पडद्यावर जे लिहिले होते त्यावर विश्वास ठेवला. म्हणून परीक्षण करायचे तर ते पडद्यावरच्या त्या मजकुराचे, म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमांचे आणि त्यांच्या आधाराने शिकवणाऱ्या संगणक-पुस्तिकांचे करायला हवे. आम्ही पाहिलेल्या अशा पुस्तिकांत ध्वनिफाईलींचा धडा म्हणजे एक तक्ता असतो: नाव, त्यापुढील तीन अक्षरे, आणि 'फाईल लहान' किंवा 'फाईल मोठी'. लहान होताना काय झाले, हे कोठेच नसते.

प्रथम हिशेब पाहू. सीडीवरील ध्वनीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे मिनिटाला सुमारे १ कोटी ६ लाख बाइट होतात. सेकंदाला १२८ किलोबिटांच्या एमपी-३ मध्ये हेच मिनिट ९ लाख ६० हजार बाइटांत बसते. अकरा भागांतले दहा भाग गेले, तरी गाणे ओळखू येते, एवढेच नव्हे तर गोडही लागते. हे कसे शक्य आहे?

फाईल लहान करण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक हाच या विषयाचा गाभा आहे. पहिला मार्ग माहिती न गाळणारा. वहीत '७' हा अंक सलग वीस वेळा लिहिण्याऐवजी 'वीस वेळा सात' असे लिहिले, तर जागा वाचते आणि हवे तेव्हा वीसही साते जशीच्या तशी परत मिळतात. २००१ साली आलेली फ्लॅक ही पद्धत याच जातीची आहे. तिची युक्ती अर्थात अधिक हुशारीची आहे; पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधून ती फक्त अंदाजातली चूक लिहून ठेवते. फाईल बहुधा निम्म्याच्या आसपास येते, आणि उलगडल्यावर एकही बिट बदललेला नसतो.

दुसरा मार्ग माहिती गाळणारा. एमपी-३, एएसी, ऑग व्हॉर्बिस, व्हॉट्सअॅपच्या आवाजी निरोपांत वापरली जाणारी ऑपस, या साऱ्या पद्धती या जातीच्या. त्या आपल्या कानाच्या मर्यादेचा फायदा घेतात. कांदिवली स्थानकाच्या फलाटावरून जलद गाडी धडधडत गेली की शेजारच्या मित्राचे बोलणे ऐकू येत नाही. त्याचे ओठ हलत असतात, हवेत लहरीही असतात, पण मोठ्या आवाजाने लहान आवाज झाकलेला असतो. दोन स्वरांची वारंवारता जवळजवळ असेल तर हे झाकले जाणे अधिक होते. जे झाकले जाणार ते साठवायचे कशाला, असा हा विचार आहे. जर्मनीतील एर्लांगेन येथे फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर वर्षानुवर्षे काम केले, आणि १९९३ साली त्याचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. सुझान व्हेगा या गायिकेचे साथीविना गायलेले एक गाणे ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी पुनःपुन्हा वापरले. नुसत्या मानवी आवाजात बिघाड चटकन कळतो, म्हणून.

हे काम मोठ्या प्रतिभेचे आहे, आणि त्याची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. सेकंदाला १९२ किलोबिट किंवा त्याहून वरच्या दराने चांगल्या प्रोग्रॅमने थेट मूळ ध्वनीपासून बनवलेली एमपी-३ आणि मूळ ध्वनी, यांतले कोणते कोणते हे न सांगता ऐकवले तर बहुतेकांना फरक सांगता येत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी डोळे बांधून पाहावे. आमचा आक्षेप एमपी-३ वर नाही. रूपांतराच्या नावाखाली एकदा केलेले गाळप पुनःपुन्हा करण्यावर आहे.

आता प्रोग्रॅमांच्या पडद्यावरील दाव्यांकडे वळू.

पहिला दावा: 'दर्जा वाढवा.' १२८ किलोबिटांची फाईल ३२० किलोबिटांची केली की मिनिटाला ९ लाख ६० हजारांचे २४ लाख बाइट होतात. फाईल अडीच पट फुगली. पण गाळलेले कोठून परत येणार? पाणी घातल्याने दूध वाढते, साय वाढत नाही. रूपांतर करताना आधी १२८ ची फाईल उलगडून नमुने काढले जातात आणि तेच पुन्हा बांधले जातात. त्यामुळे '३२०' हा आकडा केवळ शेवटच्या गाठोड्याचा आकार सांगतो. त्याच्या आत काय आले होते त्याविषयी तो मुका आहे. त्या आकड्याला 'दर्जा' म्हणणे हीच मूळ गफलत.

दुसरा दावा: 'नवी पद्धत अधिक चांगली, तेव्हा जुन्या फाईली नव्या पद्धतीत आणा.' पूर्वार्ध बरोबर आहे. १९९७ साली आलेली एएसी त्याच दरात एमपी-३ पेक्षा सरस ठरते. उत्तरार्ध मात्र चुकीचा आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एमपी-३ ध्वनीचे १,१५२ नमुन्यांचे तुकडे पाडते. ४४,१०० च्या दराने असा एक तुकडा सुमारे २६ सहस्रांश सेकंदाचा होतो. त्याचे वारंवारतेनुसार पट्टे केले जातात आणि प्रत्येक पट्ट्यातील आकडे पूर्णांकित होतात. जेथे कान ढिला तेथे ढोबळ, जेथे कान तीक्ष्ण तेथे बारीक. एएसीचे तुकडे १,०२४ नमुन्यांचे, म्हणजे सुमारे २३ सहस्रांश सेकंदाचे. दोहोंच्या जाळ्या एकमेकींवर बसत नाहीत. एका जाळीने गाळून उरलेले दुसऱ्या जाळीने पुन्हा गाळले जाते.

हे फळ्यावर दाखवता येते. मूळ आकडा १२ घ्या. तो सातच्या जवळच्या पटीत लिहायचा तर १४ होतो, चूक दोनची. आता तोच आधी पाचच्या पटीत लिहा: १०. मग हा १० सातच्या पटीत आणा: ७. चूक पाचची झाली! आणि या सातला पुढे कितीही बारीक मोजपट्टीवर नेले तरी तो सातच राहणार. बारा होणार नाही. प्रत्येक आकड्याच्या बाबतीत असेच घडेल असे नाही. कधी चुका एकमेकींना खाऊनही टाकतात. पण लाखो आकड्यांचा विचार करता चुका साचत जातात. मुलांना एक ते तीस हे सर्व आकडे या दोन वाटांनी नेऊन चुकांची बेरीज करायला सांगावी. सातवीच्या वर्गातही हा प्रयोग होऊ शकतो.

यातच आणखी एक बाब आहे. पहिल्या गाळपात 'हा आवाज झाकलेला आहे' असे ठरवले जाते ते मूळ ध्वनीकडे पाहून. दुसऱ्या वेळी प्रोग्रॅमपुढे मूळ ध्वनी नसतोच. पहिल्या गाळपातून उरलेला खरखराट त्याला गाण्याचाच भाग वाटतो, आणि त्या खरखराटाला जपण्यात तो आपले बिट खर्च करतो.

तिसरा दावा: 'जुनी स्वरूपे मरतात, वेळीच रूपांतर करा.' २०१७ साली एमपी-३ चा परवाना-कार्यक्रम बंद झाला तेव्हा 'एमपी-३ चा अंत' अशा बातम्या झळकल्या होत्या. वस्तुस्थिती उलट होती. स्वामित्वहक्कांची मुदत सरल्यामुळे ती पद्धत कोणालाही विनामूल्य वापरता येऊ लागली. एमपी-३ फाईल आजही सर्वत्र वाजते. तिला हात लावण्याचे कारण नाही. काही जुनी स्वरूपे खरोखरच वाजवणे अवघड झाले आहे, उदाहरणार्थ १९९५ मधील रिअलऑडिओ. अशा फाईली जरूर उलगडाव्यात, पण न गाळणाऱ्या स्वरूपात, आणि मूळ फाईल न पुसता.

चौथी गोष्ट दावा नसून मौन आहे. फाईलीच्या नावामागची तीन अक्षरे पुष्कळदा डब्याचे नाव सांगतात, आतल्या पदार्थाचे नव्हे. एमपी-४ या डब्यात चित्र व ध्वनी असतात आणि त्यातला ध्वनी बहुधा एएसी असतो. व्हिडिओतून फक्त ध्वनी हवा असेल तर तो पदार्थ जसाच्या तसा उचलून एम-४-ए या दुसऱ्या डब्यात ठेवता येतो. त्यात काहीही गळत नाही, आणि काम काही सेकंदांत होते. एफएफएमपेग या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये ही सोय आहे. तरीही पुष्कळ रूपांतरक प्रोग्रॅम न विचारता पदार्थ पुन्हा शिजवतात. 'फक्त डबा बदला' असे एक बटण त्यांनी ठळकपणे दिले तर केवढे नुकसान टळेल! उलट, नुसते फाईलीचे नाव बदलून एमपी-३ ची फ्लॅक होत नाही, हेही मुलांना सांगायला हवे.

येथे कोणी म्हणेल, की कानाला कळत नसेल तर एवढा खल कशाला? याचे उत्तर बाईंच्या फाईलींतच होते.

'चार' या संख्येतला च आणि गुरांच्या 'चारा'मधला च वेगळे आहेत. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, हे लिहिताना सारखे; वेगळे होतात ते केवळ उच्चाराने. आपल्या लिपीत यासाठी नेहमीच्या वापरातले वेगळे चिन्ह नाही. म्हणजे हा भेद टिकतो तो फक्त बोलण्यात, आणि बोलणारा गेल्यावर फक्त ध्वनिमुद्रणात. भौतिकीच्या भाषेत हा भेद घर्षणाच्या आवाजातला आहे. तालव्य च चा जोर तुलनेने खालच्या वारंवारतांत असतो, दंततालव्य च चा त्याहून वरच्या. टेलिफोनवर साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचे काही जात नसे, म्हणून स आणि फ यांची गल्लत होई, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

आम्ही त्या ३२० किलोबिटांच्या फाईलीचे ऑडॅसिटी या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये वर्णपटचित्र काढले. त्यात आडवी दिशा वेळेची, उभी वारंवारतेची. चित्र ८,००० हर्ट्झवर भिंत घातल्यासारखे संपत होते. वर नुसता काळोख. 'बोलण्यासाठी' या पहिल्या पर्यायाने नमुन्यांचा दर १६,००० वर आणला होता, आणि नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापर्यंतच वारंवारता साठवता येते. पुढच्या दोन रूपांतरांनी फाईल मोठी केली, पण ती भिंत तशीच राहिली.

भिंतीच्या खालीही सारे ठीक नव्हते. च उच्चारताना जीभ क्षणभर वाट अडवते. तेथे निःशब्दता असते, आणि मग एकदम स्फोट व घर्षण. गाळणाऱ्या पद्धतीत पूर्णांकनाची चूक त्या संपूर्ण तुकड्यावर पसरते, त्यामुळे स्फोटाच्या आधीच्या निःशब्द जागेतही कुजबुज शिरते. टाळी आणि तबल्याची थाप यांचेही असेच होते. एमपी-३ मध्ये अशा जागी छोटे तुकडे वापरण्याची तरतूद आहे, पण दर फार कमी असला की ती पुरी पडत नाही. तीन गाळपांनंतर या फाईलींत च च्या आधीची शांतता भरून गेली होती. आजीबाईंनी कोणता च उच्चारला होता हे आता कोणीही ठामपणे सांगू शकणार नाही. गाण्याचा अर्थ कळतो, चालही कळते, पण बोलीचा पुरावा म्हणून त्यांची किंमत संपली.

मौखिक साहित्याचे जतन ही शाळेच्या आवाक्याबाहेरची गोष्ट आहे असे समजू नये. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी पुढे त्यांची संगणकीय मांडणी केली, आणि त्यातील ध्वनिमुद्रण १२० तासांहून अधिक आहे. आता हिशेब करा. १२० तास सीडीच्या प्रतीचे म्हणजे सुमारे ७६ गिगाबाइट. १२८ किलोबिटांच्या एमपी-३ मध्ये सुमारे ७. हार्ड डिस्क काही गिगाबाइटांची असायची त्या काळात गाळणे ही अपरिहार्यता होती. आज १२८ गिगाबाइटांचे नखाएवढे कार्ड शाळेच्या खर्चात बसते, आणि त्यात तो सारा संग्रह न गाळता मावतो. कारण संपले, सवय मात्र उरली.

आंतरराष्ट्रीय ध्वनी-संग्राहकांच्या संघटनेने जुन्या फितींसाठी सेकंदाला किमान ४८,००० नमुने व प्रत्येकी २४ बिट ही मर्यादा घालून दिली आहे, आणि जतनासाठी गाळणारी पद्धत वापरू नये असे सुचवले आहे. शाळांसाठी आम्ही त्याचे साधे रूप सुचवतो. मूळ मुद्रण वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवावे आणि त्याच्या दोन प्रती दोन जागी असाव्यात. वाटायची प्रत प्रत्येक वेळी मुळापासून बनवावी, प्रतीची प्रत काढू नये. मूळच एमपी-३ असेल तर तीच मूळ समजून जशीच्या तशी जपावी. आणि एक वही ठेवावी: कोणत्या यंत्रावर, कोणत्या स्वरूपात, कोणत्या दिवशी मुद्रण झाले, पुढे काय रूपांतर झाले.

वहीचे महत्त्व कांदिवलीकरांना वेगळे सांगायला नको. टॉड नावाच्या संशोधकाने या परिसरातील अश्मयुगीन हत्यारांचा अभ्यास १९३९ साली प्रसिद्ध केला. आज तेथे इमारती आहेत. तरी कोणते हत्यार मातीच्या कोणत्या थरात मिळाले याची नोंद त्याने ठेवल्यामुळे ते काम आजही अभ्यासता येते. थर न नोंदता गोळा केलेला दगड हा नुसता दगड असतो. इतिहास न नोंदलेली '३२०' ची फाईलही तशीच.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगून थांबतो. पाच विद्यार्थ्यांकडून 'चार, चारा, जरा' हे शब्द ('जरा' दोन्ही अर्थांनी) आणि एक टाळी वेव्हमध्ये मुद्रित करा. ती फाईल एमपी-३ व एएसीमध्ये आलटून पालटून दहा वेळा, कमी दराने, रूपांतरित करा. मग मूळ, पहिली आणि दहावी अशा तीन फाईली क्रम न सांगता वर्गाला ऐकवा आणि कोणता च, कोणता ज हे कागदावर लिहून घ्या. उत्तरांचा तक्ता मांडा. पुस्तिकेतील तक्त्यापेक्षा हा तक्ता मुलांच्या अधिक लक्षात राहील.

बाईंनी आमच्या सांगण्यावरून कपाटातला जुना रेकॉर्डर शोधून काढला. त्याच्या कार्डात सव्वीसपैकी पाच मुद्रणे मूळ स्वरूपात शिल्लक होती. त्यांतील एकात च इतका स्वच्छ आहे, की मागच्या बाकावरील मुलालाही दोन उच्चार वेगळे ऐकू आले. उरलेल्या एकवीस फाईली आहेत तशाच ठेवायच्या, यापुढे त्यांचे रूपांतर करायचे नाही, असे त्या वर्गाने ठरवले आहे.